सूर्यावर घातलेला आळ

दरवर्षी भाद्रपद सरता सरता जर्मनीहून एक लहानसे पुडके येते. आत वाळवलेली फुले असतात, फिकट पिवळी, प्रत्येक झुबक्याच्या देठाला पानासारखी एक लांबट पाती चिकटलेली. उकळत्या पाण्यात टाकली की घरभर मधाचा आणि वाळल्या गवताचा मिश्र वास पसरतो. तिकडे सर्दीपडशावर हा काढा घेतात. आमच्या मिरजेच्या घरात सर्दी कोणालाच नसते. तरी माझी पत्नी सुमती पुडके फोडते, आधण ठेवते आणि स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, आली तुमची रागाची फुलं."

ती थट्टेने म्हणते, पण चुकीचे म्हणत नाही. ज्या वासाने इतरांचे चित्त निवावे त्याने माझे पेटते. वयाच्या उतारावर षड्रिपूंपैकी क्रोधाने तरी निरोप घ्यावा अशी माझी प्रार्थना असते, आणि बहुतेक बाबतींत त्याने तो घेतलाही आहे. या एका बाबतीत मीच त्याला उंबऱ्यावर अडवून ठेवला आहे.

नवे शतक तेव्हा नुकते सुरू झालेले होते. ओळखीतल्या घरांतली मुले यंत्रांचे शिक्षण घेऊन स्टुटगार्टकडे, मोटारींच्या कारखान्यांत जात. आमची वैदेही उलट्या दिशेला, अगदी उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या काठी गेली. समुद्राच्या पाण्यावर तिचे संशोधन चालले होते. त्या उन्हाळ्यात सुमती आणि मी तिच्याकडे राहायला गेलो. गाव लहान, पण पाहुण्यांचे. वाळूवर वेताच्या झाकलेल्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक. घराचे भाडे, पावाची किंमत, दुकानदाराचे हसू, सगळे काही तिथे हंगामाप्रमाणे चढे आणि उतरे. 'हंगाम' हा शब्द त्या गावात आपल्याकडे 'पर्वकाळ' उच्चारावा तशा आदराने उच्चारला जाई.

समुद्राच्या बांधावरून सायकलींसाठी एक निराळी वाट केलेली होती. तिला तिथे राडवेग म्हणतात. ती इतकी गुळगुळीत की तिच्यावर अनवाणी चालावे. ठिकठिकाणी बाके, पिण्याचे पाणी, गुलाबांची झुडपे. ही वाट शेवटच्या हॉटेलापर्यंत जाई आणि तिथे एक फलक उभा असे. त्यावर दोनच शब्द होते, 'राडवेग एंडे'. सायकलवाट समाप्त. पुढे काय, हे फलकाने सांगितलेले नव्हते. पुढे होता मोटारींचा रस्ता, दोन्ही बाजूंना लिंडेनचे जुने वृक्ष, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, आणि खाली शंभराच्या वेगाने धावायची मुभा. वैदेहीची संशोधन संस्था त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

वाटसरूला अरण्याच्या तोंडाशी सोडून परत फिरणाऱ्या वाटाड्याला आपल्याकडे काय म्हणतात ते येथे लिहिण्याची गरज नाही. तिथे त्या कृत्याला खांबावर चढवून, रंग देऊन, अधिकृत केलेले होते.

त्याहून मोठा उपहास पर्यटन कचेरीत मिळे. तिथला नकाशा फुकट असे. त्यावर हा वृक्षांचा रस्ता जाड हिरव्या रेघेने काढलेला, बाजूला सायकलवर बसलेल्या हसऱ्या कुटुंबाचे चित्र आणि 'रमणीय मार्ग' असा मथळा. रमणीय तो होताच. सकाळी पानांतून झिरपणारे कोवळे ऊन, पलीकडे राय नावाच्या धान्याची शेते, कडेला लाल पॉपीची फुले. आषाढात लिंडेन फुलला की साऱ्या वृक्षांतून मधमाश्यांचा एकच सूर निघे, लांबच्या देवळात घनपाठ चालल्यासारखा. मी त्या रस्त्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

आणि मग मागून मोटार आली. तिच्या टपावर दोन आणि पाठीला दोन सायकली बांधलेल्या होत्या. कोणी पाहुणे कुटुंब सायकली चालवायला समुद्रावर निघाले होते. माझ्या पुढे एक वृद्ध गृहस्थ सायकल चालवीत होते. मोटार त्यांच्या कोपराला जवळजवळ घासून गेली. ते डगमगले, एक पाय गवतात टेकवून उभे राहिले, आणि पुन्हा निघाले. चार सायकली पाठीवर घेऊन जाणाऱ्याला जमिनीवरची पाचवी दिसू नये याचा मला जो विस्मय वाटला तो अजून ओसरलेला नाही.

रविवारी वैदेही आणि तिची सहकारी लुसिया रेसच्या सायकली घेऊन निघत. लुसिया मेक्सिकोची, तिथल्या एका समुद्रकाठच्या पर्यटनाच्या गावातली. हसरी मुलगी. सुमतीच्या हातची थालीपिठे खाऊन ती सुमतीला 'आई' म्हणू लागली होती. दोघी एकीमागे एक जात. पुढची पाठीमागे हात नेऊन बोटांनी काही खुणा करी. संध्येच्या मुद्रा करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला कुतूहल वाटणारच. मी विचारले.

"बाबा, मागच्याला रस्ता दिसत नाही," वैदेही म्हणाली. "खड्डा आला, काच आली, गाडी आली, तर पुढच्यानं सांगायचं. बोट खाली केलं की खड्डा."

पुढच्याने मागच्याची काळजी वाहावी, हा धर्म त्या दोन मुलींना कोणी पाठ करून दिलेला नव्हता. आणि ज्यांच्या हातात रस्त्याचा सारा अधिकार, त्यांना शेजारून जाणाऱ्याची शुद्ध नव्हती. दोघी जेवायला बसल्या तेव्हा मी हे बोलून दाखवले. वैदेहीने सांगितले की सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर दूर राहावे असे तिथे मानतात.

"मग राहत का नाहीत?" मी विचारले.

सुमती भात वाढत होती. "अहो, तुम्ही सोवळ्यात असता तेव्हा मी पदर आवरून भिंतीला चिकटून जाते. चाळीस वर्षं जातेय. त्या मोटारवाल्यांना सोवळं शिकवा, म्हणजे राहतील दूर."

वैदेहीने हे लुसियाला समजावले तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाली, "आमच्याकडेपण असंच आहे. हॉटेलांपुढे सायकलची वाट, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, रात्री दिवे. हॉटेलं संपली की वाट संपते. हॉटेलांत काम करणारे तिथून पुढे हमरस्त्याच्या कडेनं घरी जातात. माझा मामा जातो."

पृथ्वीच्या दोन अंगांना, दोन निराळ्या समुद्रांवर, वाट नेमकी शेवटच्या हॉटेलाशी संपते. याला योगायोग म्हणण्याइतका मी भोळा नाही.

माझा भोळेपणा निराळा होता. तो आता सांगतो.

लिंडेनची पाने पिंपळाच्या पानासारखी हृदयाकार असतात, फक्त टोक आखूड. त्या रस्त्यावर, शेवटच्या हॉटेलाच्या थोडे पुढे, एका विस्तीर्ण वृक्षाच्या बुंध्याशी मला लाकडाचा छोटा क्रूस दिसला. त्याच्यापुढे काचेच्या पेल्यात मेणबत्ती, काही फुले, आणि क्रूसावर कोरलेले एक नाव, 'आन्ने'. ख्रिस्ती लोकांत साध्वींची स्थाने असतात, त्यांच्या नावाने नवस बोलतात, एवढे मला ऐकून ठाऊक होते. पिंपळासारखे पान, बुंध्याशी दिवा, पुढे फुले. देवस्थान आहे हे समजायला मला दुसऱ्या पुराव्याची गरज भासली नाही. परमुलखात देव दिसल्याचा मला फार आनंद झाला.

त्या दिवसापासून सकाळचे संध्यावंदन आटोपले की धोतरावर लोकरी कोट चढवून मी गवताच्या पट्टीवरून तिथवर जाई. तांब्यातले पाणी मुळाशी घाली, वाटेत खुडलेले एखादे रानफूल वाही, आणि जागा होती तेवढ्यातून वृक्षाला प्रदक्षिणा घाली. मनात वैदेहीचे क्षेम मागे. ज्या मार्गाने मुलगी जाते त्या मार्गाच्या देवतेकडे दुसरे काय मागायचे?

एके सकाळी तिथे एक वयस्क बाई उभी होती. राखाडी केस, अंगात निळी पावसाळी बंडी, हातात पेलाभर पाणी. मी नमस्कार केला. तिने मान लववली. माझी प्रदक्षिणा होईपर्यंत ती पाहत राहिली. दोन दिवसांनी ती वैदेहीला पावाच्या दुकानात भेटली. गावात भारतीय घर एकच, त्यामुळे शोधावे लागले नाही.

"तुमचे वडील माझ्या आन्नेभोवती का फिरतात?" त्या फ्राऊ ब्रांटने, म्हणजे ब्रांटबाईंनी, विचारले.

वैदेही घरी आली ती दारातच थांबली. "बाबा, ते देऊळ नाहीये."

"मग?"

"तिथे आन्ने गेली. फ्राऊ ब्रांटची मुलगी. परिचारिका होती, सकाळी सायकलवरून कामाला निघाली होती. मागून गाडी आली."

सुमतीच्या हातातले फडके तसेच राहिले. वैदेहीने हळूहळू सगळे सांगितले. सप्टेंबर महिना होता, पाहुणे परतलेले, रस्ता मोकळा. मोटार चालवणारा जवळच्याच गावचा. न्यायालयात तो म्हणाला की सकाळचा सूर्य समोरून डोळ्यांवर आला, त्यामुळे पुढे कोणी आहे हे दिसलेच नाही. त्याचे म्हणणे बव्हंशी मान्य झाले. परवाना काही काळ काढून घेतला आणि मग परत दिला.

मुंज झाल्यापासून ज्याला रोज ओंजळ देत आलो, ज्याला जगाच्या कर्मांचा साक्षी म्हणत आलो, त्याला त्या देशात आरोपी करून उभे केले होते. साक्षीदारावरच आळ. आणि तो ऐकून घेणाऱ्या सभ्य, सुशिक्षित माणसांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. माझ्या छातीत त्या क्षणी जे उसळले त्याला मी अजून सात्त्विक संताप हे सोज्ज्वळ नाव देऊ शकत नाही. तो साधा संताप होता.

आधी तो मुलीवर निघाला.

"तुला हे ठाऊक होते?"

"हो."

"आणि रोज त्याच रस्त्याने जातेस?"

"दुसरा रस्ताच नाहीये."

"बस आहे."

"सकाळी एक, संध्याकाळी एक. शाळेला सुट्टी लागली की तीही नाही. समुद्राचं पाणी बसच्या वेळा पाहून नमुने देत नाही, बाबा."

"मग मोटार घे."

"म्हणजे मी त्यांच्यातली एक होऊ?"

मी तिला शपथ घातली. माझ्या गळ्याची आण, त्या रस्त्यावर सायकल न्यायची नाही. आमच्या घरात ही भाषा क्वचित वापरली जाते आणि वापरली की वाद संपतो. पुढचे काही दिवस वैदेही बसने गेली, उशिरा पोचली, अर्धे काम टाकून परतली. सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी होती. लुसिया एकटी सराव करू लागली. घरातले हसणे बंद पडले.

एका संध्याकाळी वैदेही माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, आन्नेनं काय चूक केली ते मला सांगा. मी ती करणार नाही."

मी शोधू लागलो. ती कडेने चालली होती. तिचा दिवा चालू होता. अंगात भडक रंगाचे जाकीट होते. डोक्यावर शिरस्त्राण होते. शास्त्रार्थात प्रतिपक्षाला उत्तर सुचू नये असे मला फार वेळा करता आले आहे. त्या संध्याकाळी मुलीने ते माझे केले. सुमती आतून म्हणाली, "तिला घरी बसवून तो रस्ता सुधारणार आहे का?"

त्याच आठवड्यात गावाच्या अग्निशमन दलाच्या दालनात नागरिकांची सभा होती. हॉटेलापासून संस्थेपर्यंत सायकलवाट करा, अशी मागणी फ्राऊ ब्रांट आणि आणखी काही लोक दोन वर्षे करीत होते. आम्ही तिघेही गेलो. मागच्या बाकावर बसून वैदेही माझ्या कानात एकेक वाक्य मराठीत आणी.

ग्रामप्रमुख समंजस दिसणारे गृहस्थ होते. "आल्झो," म्हणजे 'तर मग', असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. वाट करायची तर एका बाजूचे वृक्ष तोडावे लागतील, वृक्षांना कायद्याचे संरक्षण आहे, शिवाय पाहुणे या वृक्षांसाठीच येतात. आता वृक्ष हवेत की वाट, हे गावाने ठरवावे. सभेत कुजबूज झाली. वृक्षप्रेमी आणि सायकलवाले एकमेकांकडे वैऱ्यासारखे पाहू लागले.

मी दिङ्मूढ झालो. शेकडो वर्षांचा वृक्ष का तरुण मुलीचा प्राण, असा तराजू कोणी मांडला? तिसरे पारडे कोणालाच का दिसेना? मोटारीने वेग कमी करावा, एवढेच तर मागायचे होते. पण वेग हा जणू तिथला कुलधर्म होता. वृक्षावर चर्चा होऊ शकते, मृत्यूवर होऊ शकते, वेगावर होत नाही.

मग पुढच्या रांगेतला एकजण सहज म्हणाला, "त्या वेळी वाट असती तरी काय? सूर्यापुढे कोणाचं चालतं?"

फ्राऊ ब्रांट पुढे बसल्या होत्या. त्यांची मान खाली गेली.

मी वैदेहीला म्हणालो, "मला बोलायचे आहे."

"बाबा, इथे नाव द्यावं लागतं आधी."

"मग दे."

मी उभा राहिलो. धोतरातला म्हातारा उभा राहिलेला पाहून सगळ्या माना मागे वळल्या. मी मराठीत सांगत गेलो, ती जर्मनमध्ये. मी म्हणालो, "मी लहानपणापासून रोज सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून पाणी देतो. माझेही डोळे दिपतात. रोज दिपतात. मला काही दिसेनासे होते, म्हणून मी ते मिटतो. पण त्या वेळी मी जागेवर उभा असतो."

वैदेहीने शेवटचे वाक्य सांगितले. कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा शेतकरी तेवढा मान हलवून स्वतःशीच म्हणाला, "या, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर.

बाहेर आल्यावर फ्राऊ ब्रांटने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या काय बोलल्या ते वैदेहीने सांगितले. "म्हणतायत, फिरणं थांबवू नका. आन्नेला कोणी देवी समजलं, हे त्यांना बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत जाऊन सायकलीच्या हँडलवरची धूळ उपरण्याने पुसली. आण परत घेण्याचा आमच्याकडे काही विधी नाही. मी वैदेहीला एवढेच म्हटले, "चल, झाडापर्यंत मी येतो." ती माझ्या चालीने सायकल हातात धरून चालली. झाडापाशी मी पाणी घातले. ती सायकलवर बसली, आणि लिंडेनच्या त्या लांब सभामंडपातून लहान लहान होत गेली. जोवर दिसत होती तोवर मी पापणी हलू दिली नाही.

आम्ही परतलो. हिवाळ्यात वैदेहीचा फोन आला की गावाने निर्णय घेतला आहे. वाट होणार नाही. पण वेगावर मर्यादा येईल, शंभराऐवजी सत्तर. मी देवापुढे साखर ठेवली. सुमतीने विचारले, "मग आवाज का पडलाय तुझा?" वैदेही म्हणाली, "आई, फलकाखाली दुसरा छोटा फलक असणार आहे. मर्यादा जून ते ऑगस्टपुरतीच. हंगामापुरती."

म्हणजे पाहुण्यांच्या जिवाला सत्तर आणि गावकऱ्यांच्या जिवाला शंभर. आन्ने सप्टेंबरात गेली होती. ज्या महिन्यात सूर्य नेमका त्या रस्त्याच्या तोंडाशी खाली येतो, त्या महिन्याआधीच तो फलक झाकतात. वेताच्या खुर्च्या आत नेतात, गुलाबांना गोणपाट गुंडाळतात, आणि माणसाच्या जिवाची किंमत उतरवून ठेवतात. नकाशा मात्र वर्षभर फुकट मिळतो, हिरव्या रेघेसकट.

वैदेही अजून तिथेच आहे. दर उन्हाळ्यात ती आणि फ्राऊ ब्रांट आन्नेच्या झाडाची फुले खुडून वाळवतात आणि मला पाठवतात. पुडके येते तोवर तिकडचा हंगाम संपलेला असतो. म्हणूनच सुमती त्यांना रागाची फुले म्हणते.

या दिवसांत माझा एक नेम आहे. वैदेही संस्थेत पोचली की आमच्या फोनला घंटी देते आणि उचलण्याआधी ठेवते. पैसे वाचवण्याची ही युक्ती इथल्या घराघरांत चालते. आमच्या घरात तिला निराळे मोल आले आहे. तिकडे सकाळ असते तेव्हा इथे मध्यान्ह जवळ आलेली असते. मी अंगणात संध्येला उभा राहतो. माझ्या माथ्यावर असलेला हाच सूर्य त्या घटकेला तिथे लिंडेनच्या बोगद्यात समोरून शिरत असतो, मोटारी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांत. ओंजळ भरतो. डोळे दिपतात, मिटतो. आतून सुमती भांड्यांचा आवाज थांबवते.

मग घंटी वाजते, आणि बंद होते. तेव्हाच मी ओंजळीतले पाणी सोडतो.